प्राजूची घागर

६ एप्रिल, रविवार
अक्का धुळ्याहून आली. पाणी पिऊन होईतो विषय काढलाच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आत प्राजूचं करून टाका म्हणे. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, पुढचे विधी उरकायचे आणि आखाजीला पितरांच्या घागरींत तिच्या नावाची एक भरायची. गुरुजींशी बोलूनच आली आहे. मी म्हटलं, माझी पोरगी दर्भाची नव्हती. मोठी बहीण आहे, असं बोलायला नको होतं, पण बोललो.
अक्का रडली, पोर तहानलेली असेल म्हणून. "भाऊ, पोरले तीस लागनी व्हई रे. बठ्ठास्ना पितर पानी पितीन त्या दिनले, आपली पोर तशीच ऱ्हाई का?"
सु. स्वयंपाकघरात होती. आई आहे, सगळं ऐकलं असणार. बाहेर आली नाही.
सप्टेंबरात प्राजू समुद्रात गेली ती सापडली नाही. पोलिसांच्या कागदावर 'बेपत्ता' आहे. मीही तेच म्हणतो. गाय वाचणार नाही हे कळल्यावर मी मालकाकडे जसा बघतो, तसे हल्ली सगळे माझ्याकडे बघतात.

९ एप्रिल, बुधवार
बोदवड. सकाळभर गुरांचं लसीकरण. एका गोऱ्ह्याने पोटरीवर लाथ घातली, बरं वाटलं. निदान दुखायला जागा मिळाली.
दुपारी सिद्धेशचा फोन. प्राजूच्या कोकणातल्या, डॉल्फिन वाचवणाऱ्या टोळीतला. त्या दिवशी पाण्यात तिच्याबरोबर होता. तो परत आला.
जळगावला कार्यशाळा घ्यायची म्हणतो. किनाऱ्यावर अडकलेले डॉल्फिन, देवमासे कसे हाताळायचे. वरून मंजुरी आली आहे, इथली व्यवस्था माझ्याकडे. समुद्र इथून कुठच्या कुठे, आणि आम्ही डॉल्फिन वाचवणार. ऑफिसात हसून हसून पुरेवाट. पण हे खूळ प्राजूचंच. गेल्या आखाजीला आली होती तेव्हा रसात पोळी बुडवत म्हणाली होती, "बाबा, तुमच्या डॉक्टरांच्या बदल्या होतात ना? आज बोदवड, उद्या वेंगुर्ला. मग तिथे डॉल्फिन वाळूवर दिसला की तुमची माणसं त्याला विहिरीतल्या म्हशीसारखा दोर लावतात."
सिद्धेशने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः याल ना?" बघू म्हटलं. मला विचारायचं होतं, तू कसा काय परत आलास.

१४ एप्रिल, सोमवार
सुट्टी. मेहरूणला जाऊन तलावाची जागा बघितली. कमरेइतकं पाणी, खाली गाळ. चालेल.
जुन्या सुती चादरी लागतात, ओल्या करून जनावरावर घालायला. सु.ने कपाट उघडून गठ्ठा काढून दिला. सगळ्या दिल्या, प्राजूची निळ्या फुलांची तेवढी मागे ठेवली. मी बघितलं हे तिने बघितलं.
ही बाई सप्टेंबरपासून रडलेली नाही. मला तिचं कळतच नाही.

१९ एप्रिल, शनिवार
ऊन मरणाचं. सकाळी सातलाच सुरुवात केली.
सिद्धेश वाळला आहे. पाया पडला. मी मागे सरकलो.
डॉल्फिन म्हणजे जाड रबराचं पोकळ धूड, आत पाणी भरायचं. डोक्यावर श्वासाचं भोक रंगवलेलं. आपले डॉक्टर, वनखात्याची पोरं, सगळे सभोवती कोंडाळं करून. आमच्या ऑफिसातल्या वाघोदे सरांनी विचारलं, "दूध किती देतो हा?" हशा. सिद्धेश हसला नाही. म्हणाला, "मादी देते सर. पिल्लाला पाण्याखाली पाजते."
चादर घालताना पहिल्याच जोडीने श्वासाचं भोक झाकलं. दुसऱ्या जोडीने बादलीभर पाणी नेमकं तिथेच ओतलं. "मेला," सिद्धेश म्हणाला. "पुन्हा." आमचा परिचर पाटील केळीचे खांब घेऊन आला होता, सोपटं सोलून त्याने धुडाखाली गादी घातली. हे सिद्धेशला फार आवडलं, फोटो काढले.
माझी पाळी आली तेव्हा मी सरळ शेपटीला हात घातला. तीस वर्षांची सवय. बसलेली गाय आम्ही शेपटीनेच उठवतो. सिद्धेशने माझ्या हातावर हात ठेवला. "काका, शेपटी नाही. कणा मोडतो त्याचा." हात काढून घ्यावासा वाटला, पण लोक होते.
मग पाण्यात. वाळूवर बराच वेळ पडलेल्या डॉल्फिनचा तोल जातो. पाण्यात नेला तरी लगेच सोडायचा नाही, दोन्ही बाजूंनी सरळ धरून उभं राहायचं. त्याला आपला तोल सापडला की सोडायचं. ढकलायचं नाही. मी एका बाजूला, वाघोदे सर दुसऱ्या बाजूला. सिद्धेश काठावरून म्हणाला, "आता सोडा." सरांनी सोडलं. मला सोडता येईना. रबराचा आहे हे मला ठाऊक होतं. सगळे बघताहेत हेही कळत होतं. हात निघेचनात. कोणीतरी हसलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. शेवटी सिद्धेश पाण्यात उतरला आणि माझी बोटं एकेक करून सोडवली.

२० एप्रिल, रविवार
आज कार्यशाळा संपली. शेवटचा धडा शिट्टीचा. काठावर एक जण फक्त पाण्यातल्या माणसांकडे बघत उभा. त्याने शिट्टी मारली की जनावर कुठल्याही अवस्थेत असो, सोडून बाहेर यायचं. वाद नाही, विचार नाही.
सिद्धेशला स्कूटरवरून स्टेशनवर सोडायला निघालो. पिंप्राळ्याच्या वळणावर गाडी थांबवली आणि विचारलं. त्या दिवशी शिट्टी कोणाकडे होती?
"माझ्याकडे, काका. माणसं कमी, म्हणून मी तिच्याबरोबर पाण्यातच होतो. लाटा वाढल्या म्हणून आधी मी बाहेर आलो आणि वाजवली. बाकीचे आले."
"आणि ती?"
"तिनं ऐकलं. वळून बघितलं माझ्याकडे. हात केला असा, थांब म्हणून. आणि परत गेली. डॉल्फिन एका अंगावर कलत होता, तिनं सोडला असता तर बुडाला असता."
"त्याचं काय झालं?"
"तोही दिसला नाही पुन्हा. मी दोनदा आत गेलो, काका. लोकांनी धरून बाहेर काढलं."
मग रस्त्यातच रडायला लागला. रिक्षावाले बघत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला का ते आठवत नाही. ठेवला असेन.
इतके महिने या पोरावरच्या रागावर मी उभा होतो. आता टेकायला तोही राहिला नाही. हातातलं जनावर अर्धवट सोडून उठायचं नाही, हे आमच्या घरात मीच म्हणत आलो. जेवणाच्या ताटावर म्हणत आलो. ती ऐकत होती.

२३ एप्रिल, बुधवार
आज सु.ला सांगितलं. शिट्टीचं, हात केल्याचं, सगळं. ती कोथिंबीर निवडत होती. निवडतच राहिली.
"मला माहीत आहे. सिद्धेशने दिवाळीआधीच फोन केला होता."
मला का नाही सांगितलंस?
"तुम्ही येईल येईल म्हणत होतात. मी कशी सांगणार होते?"
मग काड्या गोळा करता करता म्हणाली, "मी रडले असते तर तुम्ही म्हणाला असतात, हिने मारलीच पोरीला. म्हणून रडले नाही. तुमच्यासाठी थांबले आहे."
घरात दोन माणसं, आणि मी एकटाच दुःख करत होतो असा माझा समज. लाज वाटली. तिच्याजवळ जाऊन बसलो.

२६ एप्रिल, शनिवार
अक्काचा फोन. आवाज उतरलेला. "पुतळा ऱ्हाऊ दे, भाऊ. तुनं मन नही तं नही. पन घागर भर. पोरले पानी दे." ठेवताना म्हणाली, "मी बी तिले कडेवर खेळाडेल शे."
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. अक्काने ते धरून ठेवलं असेल.

२९ एप्रिल, मंगळवार
बोदवडहून येताना बाजारात घागरींचे ढीग. डांगरं, आंबे. लोक घागर बोटाने वाजवून बघतात, फुटकी नको म्हणून. मीही एक उचलून वाजवली आणि खाली ठेवली. कुंभारीण म्हणाली, "घ्या ना बाबा, कोणाची भरायची?" पुढे निघून आलो.
गल्लीत शेजारची माया माहेरी आली आहे. निंबाला झोका बांधलाय. पोरी गाणी म्हणताहेत. सु.ने खिडकी बंद केली नाही. मीही केली नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
सकाळ. रजा टाकली आहे.
उठलो तर ओट्यावर कोरी घागर. शेजारी कागदात गुंडाळलेल्या काचेच्या बांगड्या, प्राजूच्या मापाच्या. दरवर्षी आखाजीला आलेल्या लेकीला देतात त्या. सु. काल मी यायच्या आधीच बाजारात जाऊन आली होती.
म्हणाली, "दोन्ही आणलंय. बांगड्या ठेवायच्या असतील तर घागर परत देऊन येते. कासारीणही बांगड्या परत घेईन म्हणाली आहे. तुम्ही सांगा."
मी म्हटलं, तुला काय वाटतं?
"मला रडायचंय हो," ती म्हणाली. एवढंच. अगदी साध्या आवाजात.
वही घेऊन खोलीत आलो. का आलो कोण जाणे. लिहून काही होत नाही. ती पोहत लांब गेली असेल, कुठल्या तरी बोटीने उचलली असेल, स्मरण गेलं असेल, हे सगळं मी रोज स्वतःला सांगतो आणि रोज सांगताना एखादा शब्द कमी होतो. आज बोट नाही आठवली. पण हो म्हणायला तोंड उघडलं की तिचा हात दिसतो, थांब म्हणणारा.
नळ आला. दिवसाआड येतो, तासभर असतो. सु.ने घागर नळाखाली धरली आहे. इथून दिसतेय. तोटी उघडलेली नाही. मी काही बोललो नाही तर ती अशीच वाकून उभी राहील.
आत्ता तिने हाक मारली.
"अहो, पाणी जाईल."