मेंदीतलं सुस्वागतम्

दादा, काल तुमच्या नातवंडांना घेऊन तुमच्या बागेत गेले होते. निजामाच्या कुण्या अंमलदाराने हवाखोरीसाठी बांधलेला तो बंगला पुढे साखर कारखान्याने घेतला, भोवतीची बाग लोकांना खुली केली आणि तुम्हाला माळी नेमलं. आता तिथे झोके आहेत, घसरगुंडी आहे, बंगल्याच्या व्हरांड्यात डबे उघडून बसलेली कुटुंबं आहेत. फाटकाच्या आत तुम्ही मेंदी लावून, कापून घडवलेली अक्षरं अजून तशीच आहेत. सुस्वागतम्. लेकरं त्यांच्यापुढे फोटोला उभी राहिली. मला बोलावत होती, मी गेले नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी चुन्याने आखून दिलं आणि तुम्ही त्या रेघेवर मेंदी लावलीत. दुष्काळाच्या साली ऊस वाळला, कारखाना बंद पडला, गावच्या आडाचा तळ दिसला. बागेच्या विहिरीत तेवढं पाणी होतं. दुष्काळाची बैठक घ्यायला संचालक मंडळ बंगल्यात उतरणार होतं, म्हणून अक्षरं हिरवी हवी होती. आई घागर घेऊन फाटकावर आली, मी तिच्या पदराला धरून. तुम्ही 'सु'ला पाणी घालत होता.

"एका घागरीला हो म्हणलं की सारं गाव येतंय. कारखान्याचं पाणी हाय, माजं न्हाई."

"मेंदीला हाय, लेकराला न्हाई," एवढंच बोलून आई मागे फिरली. तिथे काय लिहिलंय, हे आपल्या तिघांत मला एकटीलाच वाचता येत होतं.

संध्याकाळी तुम्ही विहिरीच्या पाण्यात चिंब भिजवलेला पटका डोक्याला गुंडाळून घरी आलात आणि तो आईपुढे धरलात, घागरीत पिळायला. आईने तो घेतला आणि न पिळताच दोरीवर वाळत टाकला. तुमच्या इमानदारीचं गावात फार कौतुक झालं. मला ते आजही ऐकवत नाही. तुमच्या तेराव्यालाही लोक तेच सांगत होते, तेव्हा मी उठून चुलीकडे गेले.

हे पत्र वहीतच राहील. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. तुम्ही दोघं आत गेल्यावर मी दोरीखाली उभी राहून त्या पटक्याचं टोक चोखलं होतं. घामाने खारट लागत होतं. कोरडं होईपर्यंत मी ते सोडलं नाही.