अपेक्षा ‘पायजे’ म्हणाली

५ जानेवारी, सोमवार

धोंडीराम काकांचा फोन. त्यांच्या अपेक्षाला बघायला पाहुणे आले होते. सगळ्यांसमोर म्हणाली, “मला दुसरा आवडतो. मला त्योच पायजे.” पाहुणे चहा न घेता उठले.

आवडतो म्हणाली असती तर कदाचित चाललंही असतं. पण ‘पायजे’! वीस वर्षांची पोरगी तोंडानं मागते म्हणजे काय!

काका म्हणाले, तिला बरं नाहीय. डॉक्टर येऊन सुई देऊन जातात. तू शिकलेली हायेस, तुझं ऐकती ती, ये.

६ जानेवारी, मंगळवार

पीएचडीचं तिसरं प्रकरण सरांनी परत दिलं. म्हणाले, त्या पुरुषांना खलनायक का करता? ते तर तिला वाचवतायत.

घरी येऊन जुन्या व्हॅम्पायर कादंबऱ्यांची टिपणं पुन्हा वाचली. गोड, लाजरी मुलगी. रात्री कोणीतरी येऊन चावून जातो. मग ती डोळ्याला डोळा भिडवते, जवळ ये म्हणते. काल तिच्यावर जीव टाकणारे तेच पुरुष तिच्या छातीत ठोकायला लाकडी खुंटा घेऊन जमतात. काम झाल्यावर म्हणतात, बघा, चेहरा किती शांत दिसतोय! आणि दुसरी एक बाई असते – हुशार, पुरुषांची कामं बिनबोभाट करून देणारी. ती तेवढी जिवंत राहते.

१० जानेवारी, शनिवार

सोलापूरहून निघून जेऊरला उतरले, काकांच्या गावी. अपेक्षाचा भाऊ युवराज मोटरसायकल घेऊन आला होता.

बाहेर सोप्यात काका, अपेक्षाचे मामा आणि डॉक्टर बसलेले. अपेक्षा आतल्या खोलीत. कडी बाहेरून! बजाकाकू, अपेक्षाची आई, चुलीपुढं भाकरी थापत होती. माझ्याकडं बघितलंही नाही.

काका म्हणाले, “नाव तेवढं काढ तिच्याकडनं. बाकी आमी बघतो.”

आत गेले. अपेक्षाची जीभ जड झालेली, गोळ्यांनी. माझा हात धरून तिनं आपण होऊनच नाव सांगितलं. शिवकुमार. अक्कलकोटचा, जात वेगळी. मग विचारलं, “ताई, मी लई वाईट हाय का?”

बाहेर आले तर सगळे माझ्याकडंच बघत होते. नाव ओठावर होतं. सांगितलं असतं तर रेश्मा किती गुणाची म्हणाले असते. आणि तो पोरगा कुठल्यातरी उसात सापडला असता.

म्हणाले, झोपलीय ती. काही बोलली नाही.

कादंबरीतली ती दुसरी बाई मीच आहे.

११ जानेवारी, रविवार

खोटं बोलले. म्हणाले, तिला सोलापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवते, दोन दिवस माझ्याजवळ राहिली की नाव सांगेल. नावासाठी काका तयार झाले. पण युवराज बरोबर येणार म्हणाला. बसला की तो तिकीट काढून!

फलाटावर अपेक्षा माझ्या खांद्यावर टेकलेली. समोर युवराज, फोनमध्ये डोकं घालून. गाडी दिसायला लागली आणि त्याला काकूचा फोन आला. काका धरणावर पाण्याच्या पंपाजवळ घसरून पडलेत, लगेच ये.

तो पळत गेला. आम्ही गाडीत चढलो. पुढचं केम स्टेशन जाईपर्यंत मी डब्याच्या दाराकडं बघत बसले होते.

१२ जानेवारी, सोमवार

काका पडलेच नव्हते.

१३ जानेवारी, मंगळवार

अपेक्षा आज पोटभर जेवली. शिवकुमारला फोन केला. तो घाबरलाय, एवढ्यात काही नको म्हणाला. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, रडेल. वळून म्हणाली, “त्यो नसला तरी मी हाय की. कॉलेजात परत नाव घालायचंय मला.”

माझ्या प्रबंधाच्या सगळ्या प्रकरणांत हे एक वाक्य नाही. मी तिची भूक त्या पोराच्याच नावावर मांडून बसले होते!

युवराजचे फोन चालूच. उचलत नाही. संध्याकाळी काकांचा उचलला. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “उद्या सकाळी येतो. तुझ्या काकूनं कुणाच्या जिवावर हे केलं, तेबी बघतो.”

काकूला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. त्या घरात आता ती एकटीच बाई आहे. अपेक्षाला काही बोलले नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सकाळी दार वाजलं. अपेक्षाला आत पाठवलं, साखळी लावूनच उघडलं.

बजाकाकू. एकटी. हातात कपड्यांची पिशवी, गालावर वळ.

म्हणाली, “मला हितं ऱ्हायचंय. मी आता परत जाणार न्हाय.”