पान दोनशे नऊपासून पुढे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर त्याचा उल्लेख पहिल्या कलमातच आला असता. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी सांगितला. मग मी त्यांना विचारले की तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून वाचायला नेलेले पुस्तक कुठे आहे, तर त्यांना आठवेना. दाखला तरीही मलाच मिळाला.

कलम १. वरच्या दोन खोल्या, त्यातले सामान आणि बँकेत जे काही उरले असेल ते माझ्या एकुलत्या एका लेकीला. ती इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे आणि तिला पसारा खपत नाही. कपाटाचा खालचा कप्पा तिने एकटीने उघडावा. आत तिची बाळपणीची झबली आहेत. मी ती टाकून दिली असे तिला तीसदा सांगितले आहे, ते खोटे होते.

कलम २. खालचे दुकानही लेकीलाच. अट एकच. गुरुवारी दुपारी चार ते सहा दार उघडे राहील आणि वाचणाऱ्या मंडळींना बसायला बाक मिळेल. ही मंडळी म्हणजे समोरचे शिंपी, एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ आणि पावसापाण्याचे निमित्त सांगून आत शिरणारे कोणीही. चहा ज्याचा त्याने करावा. मी तो चाळीस वर्षे केला, आता माझी सुटका करावी.

कलम ३. हत्यारे. दाभण, सुया आणि घडी दाबायची हाडाची पट्टी लेकीला. माझ्या सुया ती तशाही पळवतेच. पुस्तके दाबून धरायचा लाकडी शिकंजा धाकट्या भावाला. वडिलांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा कापणीचे मशीन त्याने नेले आणि त्यावर आजतागायत कुंड्या ठेवल्या आहेत. शिकंज्यावरही तो कुंड्याच ठेवील. ठेवो बापडा. मशीनचा राग मी सोबत घेऊन जाणार आहे, तो वाटून देण्याजोगा नाही.

कलम ४. जावईबापूंना एक नवे खोडरबर आणि माझे प्रेम. ते पाणीपुरवठ्यात इंजिनियर आहेत. कलम ५ मधल्या पुस्तकाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने एक्केचाळीस चुका काढून ठेवल्या आहेत. इथे हवेचा दाब चुकला, इथे पाणी गोठायला हवे, या ग्रहावर कालवे नाहीत, बंद घुमटात कोणी पाइप ओढत नसते. सगळे खरे असणार. मी एकदा त्यांना विचारले, "इतकं चुकीचं पुस्तक पाच वेळा कशाला वाचलंत हो?" ते कान खाजवत म्हणाले, "आई, ते जेवणघरातलं भांडण आहे ना, खिडकीजवळ कोणी बसायचं त्याचं. ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं." त्या दिवसापासून हा माणूस मला आवडू लागला. लग्नाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

कलम ५. पुस्तक. इथे मला जरा ऐसपैस लिहावे लागेल, कागद माझाच आहे.

हे पुस्तक म्हणजे तांबड्या ग्रहावर वस्ती करायला गेलेल्या बेचाळीस माणसांची जुनी कादंबरी. आमच्या जन्माआधी कधीतरी लिहिलेली. नगर वाचनालयाची ही प्रत अडतीस वर्षांपूर्वी फाटून माझ्याकडे बांधणीला आली. सोबत त्याच आकाराचे, त्याच छापखान्याचे, त्याच टायपातले 'घरची परसबाग' नावाचे पुस्तक आले. दोन्हींचे टाके उसवून मी फर्मे सुटे केले. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. त्याच्या पायाशी बारीक आकडा असतो, त्या आकड्याच्या क्रमाने शिवत जायचे.

आमच्या वडिलांचा दुकानात एकच नियम होता. बांधणाऱ्याने आकडा बघायचा, मजकूर बघायचा नाही. वाचत बसलेला बांधणीवाला म्हणजे चाखत बसलेला आचारी, असे ते म्हणत. मी चाळीस वर्षांची होईपर्यंत तो नियम पाळला. या पुस्तकाने तो मोडला. दुसऱ्या फर्म्याला मी एक ओळ वाचली आणि सुई हातातच राहिली.

काय होते त्यात? यान, घुमट, दोन चंद्र, सगळे होते. पण मला धरून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. ही माणसे घरदार सोडून इतक्या लांब आली आणि पहिल्याच दिवशी त्यांना ठरवावे लागले की भांडी कोण घासणार, कोणाशी अबोला धरायचा आणि तो किती दिवस परवडेल. बाहेर हवा नाही, म्हणजे रुसून बाहेर जायचीसुद्धा सोय नाही. नवरा जाऊन मला तेव्हा वर्ष झाले होते. पदरात लेक, हाताखाली दुकान, आणि सगळे नव्याने मांडायचे. मी कुठल्याही ग्रहावर गेले नव्हते, तरी त्या माणसांच्या पंगतीत माझे पान वाढलेले आहे असे मला वाटले. माझ्या मते ही असली पुस्तके म्हणूनच जुनी होत नाहीत. त्यातले शास्त्र जावईबापूंच्या पेन्सिलीला पुरून उरत नाही, पण पहिल्या दिवशीचा तो गोंधळ प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी झालेला असतो.

तर मी वाचत गेले आणि शिवत गेले. पान दोनशे आठवर परिस्थिती अशी की पहिले पीक जळून गेले आहे, परतीचे यान तयार उभे आहे, बेचाळीसांपैकी निम्मे रडत आहेत. म्हातारी कप्तान सगळ्यांना जेवणघरात बोलावते, दार लावते आणि म्हणते, "आता मी सांगते तसं करायचं." तिथे तेरावा फर्मा संपला. माझ्या डोळ्यांत पाणी, हात घाईत. उरला होता शेवटचा फर्मा. मी चौदावा आकडा पाहिला, फर्मा उचलला आणि पुढे वाचू लागले.

"सर्वप्रथम जमीन हातभर खोल खणून भुसभुशीत करावी. दगड वेचून बाजूला काढावेत. घाई करू नये."

मला वाटले, काय लेखक आहे! भाषण नाही, रडारड नाही, थेट कामाला लागली बाई! पुढची सोळा पाने कप्तान घेवडा कसा लावायचा ते सांगत राहते. बी रात्रभर भिजवा, वेल चढायला दोरी बांधा, मुळाशी पाणी साचू देऊ नका. शेवटचे वाक्य, "शेंगा कोवळ्या असतानाच तोडाव्यात आणि शेजाऱ्यांनाही द्याव्यात." मी शिकंज्यावर डोके टेकवून आनंदाने रडले. मग पुठ्ठा चढवला आणि प्रत वाचनालयात धाडली.

दीड महिन्याने समोरचे शिंपी 'घरची परसबाग' काखेत मारून दुकानात आले. म्हणाले, "बाई, घेवड्याच्या आळ्यात हे यान कुठून उतरलं?"

त्या पुस्तकाच्या चौदाव्या फर्म्यात, पान दोनशे नऊवर, कप्तान सगळ्यांना सामान बांधायला सांगत होती. मी उभ्या उभ्या वाचले. खऱ्या शेवटात ती माणसे दार लावून निघून जातात. मांडलेले टेबल तसेच राहते आणि त्यावर तांबडी धूळ बसत जाते. लिहिले छान आहे, खोटे का बोलू.

मी दोन्ही पुस्तके पुन्हा उसवायला हवी होती. परसबागेतला तो फर्मा मी काढलाही. पण तोवर कादंबरी अकरा घरांत फिरून आली होती आणि लोक तिच्यासाठी नंबर लावत होते. शिंपी म्हणाले, "राहू द्या की. शेवट झकास आहे. मला घेवडा तुम्ही तोंडी सांगा." त्यांनी परसबाग हरवल्याचे वाचनालयात सांगून दंड भरला आणि ती सोळा पाने कमी असलेली प्रत स्वतःकडे ठेवली. पुढे वाचनालयाने जुनी पुस्तके काढून टाकली तेव्हा कादंबरी मी घरी आणली. आज या रस्त्यावर बावीस खिडक्यांत घेवडा आहे. तो कोणत्या पुस्तकातून आला हे आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत नाही.

ही प्रत माझ्या नातीला.

कलम ६. नात. लाडाचे नाव पिटुकली, आता दारातून येताना वाकावे लागते. दहा वर्षांची असताना तिने ते पुस्तक दुकानाच्या बाकाखाली पालथे पडून वाचले, बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, मेलेल्या मातीत काहीतरी लावायचं मला." पोरांचे खूळ चार दिवसांचे असते. हिचे टिकले. आज ती एका प्रयोगशाळेत काचबंद खोल्यांमध्ये तांबड्या, निर्जीव मातीत रोपे वाढवते. पुढच्या महिन्यात सहा जणांबरोबर ती ओसाड माळावरच्या बंद घुमटात दोन वर्षे राहायला जाणार आहे. परक्या ग्रहावर जगता येते का, याची रंगीत तालीम.

आणि हे सगळे माझ्या एका चुकीच्या फर्म्यावर उभे आहे. मला याची भीती वाटते, स्पष्टच लिहिते. तिला कळले की कप्तानने घेवडा लावलाच नव्हता, तर ती माझ्याकडे कशी बघेल? अडतीस वर्षे मी हसत आले, पण तिच्यासमोर हे सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून खरा चौदावा फर्मा टेबलाच्या डाव्या खणात पाकिटात ठेवला आहे. माझ्या माघारी तो तिला द्यावा. वाचायचा की नाही ते तिने ठरवावे. पिटुकले, चूक माझी आहे. तुझी मेहनत तुझी आहे.

कलम ७. मला निरोप देताना भाषणे नकोत. पान दोनशे नऊ मोठ्याने वाचावे आणि घरी जावे.

कलम ८. शिंप्यांना मी काही देत नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. हे ऐकून शिंपी म्हणाले, "असू दे. सही माझीच पाहिजे."

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी लिहिलेली.

वरील मजकुरावर सह्या करायला मंडळी दुपारी दुकानात जमली. साक्षीदाराने मजकूर वाचायची काही गरज नसते. शिंप्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कलम ६ ला आल्यावर कागद खाली ठेवून म्हणाले, "मेल्यावर सांगणार? ह्याला काय अर्थ आहे, बाई?"

नेमकी तेव्हाच नात आत येत होती. म्हणाली, "काय सांगणार?"

मला पळायला जागा नव्हती. मी खण उघडला आणि पाकीट तिच्यापुढे धरले. काय बोलले ते मला आठवत नाही. तिने पाकीट घेतलेच नाही.

"आजी, मला माहितीये."

"काय माहितीये?"

"शेवट. कॉलेजच्या लायब्ररीत दुसरी प्रत मिळाली होती. एकोणीस वर्षांची होते मी. कपाटापाशी उभ्यानेच वाचला."

"मग?"

"मग काय, तिथंच बसून रडले. आणि मग राग आला त्या लोकांचा. दार लावून गेले निघून! घेवडा लावून बघायला काय झालं होतं?" ती बाकावर बसली. "तू बरोबर बांधलंस. चुकलं त्यांचं."

मी विचारले, "इतकी वर्षं मला बोलली का नाहीस?"

"तुला कळलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं ना."

म्हणजे मी तिला जपत होते आणि ती मला. शिंपी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मग आम्ही इतक्या हसलो की लिफ्टवाले गृहस्थ काय झाले ते बघायला जिन्यावरून धावत आले. हसता हसता मला रडूही आले, ते लपवायचे कारण नाही.

घुमटात माणशी दोन किलो खाजगी सामान नेता येते. नातीने कादंबरी शिंप्यांच्या काट्यावर टाकली, चारशे ग्रॅम भरली. तिच्याबरोबरच्या सहाही जणांना आमचीच प्रत वाचायची आहे, कारण मुलाखतीत तिने ती गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवली आहे. त्यामुळे पुस्तक आजच तिच्या हवाली केले आणि कलम ५ चे शेवटचे वाक्य व कलम ६ मी रद्द करते. दोन वर्षांनी ती दार उघडून बाहेर येईल तेव्हा मी असेन की नाही हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. असले तर दारात उभी असेन. नसले तर तिने घेवड्याच्या पहिल्या शेंगा दुकानाच्या बाकावर ठेवाव्यात आणि शेजाऱ्यांनाही द्याव्यात.

कलम ७ साठी पुस्तक इथे नसेल तर शिंप्यांनी पान दोनशे नऊ म्हणून दाखवावे. त्यांना ते तोंडपाठ आहे.

एवढे झाल्यावर शिंपी म्हणाले, "म्हणजे माझा घेवडा चालला."

त्यांचे बरोबर होते. कादंबरी घरी आणल्यापासून ते दर गुरुवारी ती सोळा पाने माझ्याकडे येऊनच वाचत होते. मी पाकिटातला फर्मा काढला आणि त्यांना परसबाग आणायला सांगितले. ती उसवून खरा शेवट तिच्यात पान दोनशे आठनंतर आकड्याप्रमाणे शिवला. आता त्या पुस्तकात बेचाळीस माणसे सामान बांधतात, दार लावतात, टेबलावर धूळ बसते, आणि पान उलटले की दोनशे पंचवीसवर पहिलीच ओळ येते, "आता टोमॅटोकडे वळू." सगळी सुखरूप घरी पोचली म्हणायची. हे बांधलेले पुस्तक मी शिंप्यांना देते, पण माझ्या माघारी. तोवर ते माझ्या दुकानात राहील, म्हणजे गुरुवारी त्यांना यावेच लागेल.

हे सर्व मी वाचून पाहिले. बरोबर आहे.

स्थळ: दुकान, मागची खोली.
दिनांक: बारा मार्च, गुरुवार.

सही: पुस्तकबांधणीवाली

साक्षीदार पहिले: लिफ्ट दुरुस्त करणारे. "बाईंनी माझ्यासमोर सही केली. हसत होत्या, पण शुद्धीत होत्या."

साक्षीदार दुसरे: शिंपी. ही सही खोडली आहे. खाली त्यांच्याच अक्षरात: "साक्ष मागे घेतो. पुस्तक घेतो."

त्यांच्या जागी साक्षीदार दुसरे: डॉक्टर. "पुस्तक सापडले. सोबत आणले आहे."