एकशे शहात्तराव्या पानापुढे

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, व्यवसाय मुद्रितशोधन, आता निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. घशाचे तसे म्हणता येत नाही. येत्या गुरुवारी डॉक्टर स्वरयंत्र काढणार आहेत आणि तेवढ्याने भागेल असे त्यांनाही वाटत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी नाहीच.

कलम १. राहत्या दोन खोल्या, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या पुतण्याला. त्याने गल्लीतल्या निवृत्त नर्सबाईंना, आमच्या सिस्टरना, रोज तासभर पुस्तक वाचून दाखवावे अशी अट मी आधी घातली होती. वकीलबाईंनी ती खोडायला लावली. "कोर्टात टिकायची नाही. आणि टिकली तरी तपासायला कोण जाणार?" म्हणाल्या. अट मी खोडली, पण कारण वेगळे आहे. ते कलम ५ मध्ये आहे.

कलम २. टेबलावरचे भिंग माझे घड्याळदुरुस्तीवाले मित्र घड्याळजी यांचे आहे. ते गेल्यावर मी ते परत करायचे विसरलो, म्हणजे मुद्दामच विसरलो. ते त्यांच्या मुलीला द्यावे. तांबड्या शाईची पेने वाळली आहेत, ती टाकून द्यावीत. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांनी पुरेशी चाकरी केली.

कलम ३. विज्ञानकथांची माझी चारशेवर पुस्तके. नगर वाचनालयाच्या ग्रंथपालांना यातले एकही मिळू नये. एक तर त्यांनी फुकटसुद्धा नको म्हटले, आणि दुसरे म्हणजे बावीस वर्षांपूर्वी त्यांनी आमची सगळी आवडती पुस्तके उचलून बालविभागात नेऊन ठेवली होती. मी भांडायला गेलो तर म्हणाले, "रॉकेटची चित्रं आहेत हो वर." हा राग मी बरोबर घेऊन जात आहे. शाळेलाही विचारले, मुख्याध्यापिकाबाईंना परीक्षेच्या उपयोगाचे हवे. तेव्हा पुस्तके रद्दीवाल्याला. त्याच्याशी बोलणे झाले आहे. तो निदान घ्यायला येतो म्हणाला.

तरीही रद्दीच्या ढिगातून कोणी एखादे उचललेच तर शिफारस करून ठेवतो, खोड जात नाही. चंद्रावर नळदुरुस्ती करणाऱ्याची कादंबरी पहिली साठ पाने कंटाळा आणते, दम धरावा. समुद्र आटल्यावरही दीपगृहाचा दिवा पुसत बसणाऱ्या बाईची गोष्ट एका बैठकीत वाचावी, आणि ज्याचे नुकतेच कोणी गेले असेल त्याने तूर्त हातही लावू नये. तीन सूर्यांवरची जाडजूड मालिका पहिल्या भागानंतर निव्वळ पाणी आहे. लेखकाला तोंडावर सांगायचे राहून गेले.

कलम ४. ही मालमत्ता नाही, पण नोंद असावी. आमचे वाचकमंडळ तिघांचे: घड्याळजी, सिस्टर आणि मी. दर शनिवारी दुपारी घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत बसायचो. नियम दोनच. शिफारस करणाऱ्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले असले पाहिजे. आणि शेवट कोणी विचारायचा नाही, विचारला तरी सांगायचा नाही. सव्वीस वर्षे दोन्ही नियम पाळले गेले. सिस्टरना कठोर पुस्तके आवडत. "वॉर्डात जन्मभर मी लोकांना 'होईल सगळं नीट' सांगत आले," त्या म्हणायच्या, "पुस्तकात तरी मला कोणी तसं सांगू नये." घड्याळजी गेले आणि मंडळ दोघांचे उरले. मग काचबिंदूने सिस्टरचा एक डोळा गेला, दुसरा जायला लागला, आणि मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन मोठ्याने वाचायला लागलो.

कलम ५. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना एका पुस्तकाची शिफारस केली. एक जहाज, आत चारशे माणसे, दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेली. आमच्याच छापखान्यात ते छापले गेले होते. त्याचे पहिले अकरा फर्मे तपासायला माझ्याकडे होते, पुढचे दहा दुसऱ्या मुद्रितशोधकाकडे. फर्मा म्हणजे सोळा पाने. तेव्हा मी एकशे शहात्तर पाने दोनदा वाचली, पुढचे एकही नाही, आणि इतक्या वर्षांनी हे साफ विसरलो. त्या एकशे शहात्तर पानांतला प्रत्येक स्वल्पविराम आठवत होता, म्हणून सबंध पुस्तक वाचले असेच धरून चाललो. ही चूक फक्त माझ्या धंद्यातला माणूस करू शकतो.

आम्ही शंभराव्या पानाच्या आसपास असताना दुसऱ्या डोळ्याचाही निकाल लागला. त्या दुपारी सिस्टर दवाखान्यातून आल्या, खुर्चीत बसल्या आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला.

"प्रूफवाले, पोचतात का हो ती माणसं?"

मी म्हणालो, "पोचतात."

मला तसे खरोखर वाटत होते. काही दिवसांनी एकशे सत्याहत्तरावे पान आले आणि त्यातली एक ओळही माझ्या ओळखीची निघाली नाही. त्या दिवशी घरी आणून मी पुस्तक संपवले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना छापलेले वाचून दाखवले नाही. पान समोर धरायचे, वेळेवर उलटायचे आणि मनाने सांगायचे. आयुष्यभर छापील मजकुरात एक वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नाही, तो मी शंभर पाने खोटी बोललो. सिस्टर खुशीत ऐकायच्या. "आता कुठे लेखकाला सूर सापडलाय," म्हणायच्या. ते ऐकून मला बरे वाटायचे, हेही लिहून ठेवतो.

मग आवाज बसला. आता कुजबुजीइतकाच उरला आहे. तासभर वाचणे होत नाही. मी पुतण्याला पाठवले आणि त्याला काही सांगायचे मला सुचले नाही. त्या पोराने खूण असलेले पान उघडून इमानदारीत वाचले. त्यात जहाजावरच्या बागवाल्या मुलीला मरून महिने झालेले होते. आदल्याच दुपारी मी तिला टोमॅटो तोडायला लावले होते. सिस्टरनी त्याला थांबवले. "अरे, पान चुकतंय तुझं. नीट बघ." त्याने पानाचा आकडा वाचून दाखवला. "मग छापणाऱ्याची चूक," त्या म्हणाल्या, "काका बरा झाला की वाचेल. तू राहू दे."

पुतण्या घरी आला आणि म्हणाला, "काका, मी काय चुकलो?" तुझे काही चुकले नाही रे. घर तुला बिनशर्त दिले आहे. यापुढे त्यांना ते पुस्तक वाचून दाखवू नकोस.

कलम ६. ते पुस्तक सिस्टरना. त्यांना त्याचा उपयोग नाही हे मला कळते. पण वारसांपैकी म्हणून हे मृत्युपत्र त्यांना वाचून दाखवावे लागेल, आणि ते वकीलबाई वाचतील. बाई, इथे सावकाश वाचा आणि काही गाळू नका.

सिस्टर, ते पोचत नाहीत. बागवाली मुलगी दोनशे तिसऱ्या पानावर जाते. त्यापुढे तुम्ही ऐकलीत ती मी रचलेली होती. कप्तान वेडा होतो. शेवटच्या प्रकरणात म्हातारा स्वयंपाकी एकटा उरतो आणि शेवटून दुसऱ्या पानावर तोही जातो. शेवटच्या पानावर जहाज नुसते पुढे जात राहते. कुठेतरी एखादे बरे वाक्य असेल म्हणून मी ते पान पाचदा वाचले. नाही. तुम्ही विचारलेत तेव्हा मला माहीत नव्हते. नंतर माहीत झाले आणि मी तुम्हाला रोज दुपारी तेच म्हणत राहिलो, जे कोणी म्हणू नये म्हणून तुम्ही पुस्तकांकडे आला होतात. त्याची माफी मागतो. मिळेल असे वाटत नाही.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांना वाचायला दिला आणि त्यांच्यासमोर सही केली. वाचून झाल्यावर त्यांच्यापैकी कंपाउंडर म्हणाले, "गुरुवारला अजून चार दिवस आहेत. तुम्हाला थोडंफार बोलता येतंय. सिस्टरचं घर या गल्लीतच आहे."

मी त्यांच्यापुढे पेन केले आणि सहीची जागा दाखवली.

मृत्युपत्र करणार : सही
साक्षीदार १ : सही, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर
साक्षीदार २ : सही, तळमजल्यावरचे शिंपी
स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : आठ फेब्रुवारी, रविवार, दुपारचे तीन; सिस्टरकडे वाचायला जायची वेळ