साइन दीडशे आणि गिरिजाकाकूंच्या बाह्या

काशीगाव,
रविवार

ती. दत्तादादास,

सुचेताचा नमस्कार. (वाकून करणार होते, पण मशीनवर बसून कंबर धरलीय, तेव्हा उभ्याउभ्याच घे.) वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझ्या वर्गातली मुलं अजून गणिताला घाबरतात की तुलाच?

पत्राला तसं काही कारण नाही. आमच्या सान्वीच्या गणिताच्या पुस्तकात सहज डोकावले (पोरीला मदत व्हावी, दुसरं काय), तर त्यात साइन दीडशे अंश काढायला सांगितलेलं. साइन तीस म्हणजे अर्धा, इथवर ठीक. दीडशेचं कुठून आणायचं? मग ब्लाउजच्या कटिंगचा कागद घेतला, थाळी ठेवून वर्तुळ काढलं, मधोमध आडवी रेघ मारली, तीस अंशांवर खूण केली आणि कागद उभा दुमडून त्या खुणेत सुई टोचली. उघडून बघते तर पलीकडे बरोबर दीडशेवर भोक, रेघेपासून तितक्याच उंचीवर. म्हणजे तोही अर्धाच. मला इतका आनंद झाला की इस्त्री तापत राहिलीय हेही विसरले. मग कागद आडवा दुमडला. भोक रेघेखाली, तीनशे तीसवर. अंतर तेच, फक्त उणे. एक कोन माहीत असला की बाकीचे घडीतूनच निघतात, हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

त्याच तंद्रीत शेजारच्या गिरिजाकाकूंचं ब्लाउज कापायला घेतलं, पुतणीच्या लग्नातलं. बाह्या कापताना कापड दुमडायचं असतं, ते राहिलं. कागद न उलटता दोन्ही बाह्या कापल्या आणि पुढचा खोलगट भाग दोन्हींना एकाच बाजूला आला. उंची सारखी म्हणजे झालं, असं डोक्यात बसलेलं ना. काकूंनी घालून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "सुचेता, माझे दोन्ही हात उजवेच आहेत काय गो?" साइनला डावं-उजवं कळत नाही, काकूंच्या खांद्याला कळतं. (कोसाइनलाही कळतं म्हणे.) आता साडीच्या आतल्या टोकाचं वीतभर कापड काढून नवी बाही करतेय.

वहिनीला जपायला सांग.

तुझी,
सुचेता

ता. क. पुस्तक सान्वीचं नाही. तिने गणित घेतलेलंच नाही. बारावीचा फॉर्म बाहेरून मी भरलाय. पेपर पुढच्या मंगळवारी आहे आणि मला भीती वाटतेय.

आणखी एक ता. क. तुझ्या बारावीला मी परीक्षेच्या फाटकाबाहेर तुझा डबा धरून उन्हात उभी होते. त्याच जूनमध्ये मला शाळेऐवजी मशीनवर बसवलं आणि तू काही बोलला नाहीस. मंगळवारी ये आणि फाटकाबाहेर उभा राहा. डबा मी करून देईन.