ओढ्यापलीकडच्या तुकड्याचं नाव

आई, मी हल्ली चॉकलेट करते. तुला हसू येईल, कारण तुझ्या लेखी चॉकलेट म्हणजे पंधरा ऑगस्टला शाळेत वाटायची गोळी. नारायणगावात एक गाळा घेतलाय. कोकोच्या बिया केरळातून येतात. त्या शेंगदाण्यासारख्या भाजायच्या, सालं पाखडायची आणि दगडी चाकांच्या यंत्रात दोन-तीन दिवस दळत ठेवायच्या. पाखडायला तुझंच सूप आहे.

वड्यांना नावं दिलीत ती आपल्या वावरांची. चिंचखाली, खडकाळी, लांबुळकं, सवतीचं. पुण्याच्या प्रदर्शनात बायका अर्थ विचारतात. 'चिंचखाली'त चिंच लागत नाही म्हणून एकीने तोंड वाकडं केलं. तिला काय सांगू, की ती चिंच माझ्या जन्माआधीच पडली आणि मागे नाव तेवढं राहिलं? 'सवतीचं' सगळ्यात कडू. आजोबांच्या पहिल्या बायकोने ती पट्टी मरेपर्यंत कुणाला नांगरू दिली नाही, म्हणून आजी जळून तिला सवतीचं म्हणायची. हे मी सांगत नाही. "घ्या हो, नवऱ्याला खाऊ घाला," म्हणते, त्या हसतात आणि घेतात. खरा अर्थ ऐकायला थांबेल असं कुणी भेटत नाही.

ही नावं मी बोलणी खाऊन पाठ केलीत. चौथीत असेन. दादांची भाकरी घेऊन तू मला खडकाळीत धाडलंस आणि मी लांबुळक्याच्या बांधावर जाऊन बसले. दादा दिवसभर उपाशी. संध्याकाळी तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, "शाळंत पयली येती म्हणं! बाप उपाशी, आन् सोताच्या वावराचं नाव ठावं न्हाई, काय करायचा त्यो नंबर?" दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन निघतेस, बांधाबांधाने. "ह्ये कोणचं? सांग." चुकलं की परत मागे. शेवटी ओढा ओलांडून त्या एवढ्याशा तुकड्यात टेकतेस आणि पाय लांब करतेस. घरात तुला असं बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. "ह्याचं नाव म्या ठिवलंय. कुनाला सांगू नगं." तू नाव सांगतेस. मी हसते, मग तूही हसतेस.

आता बांध राहिले नाहीत. धाकट्याने ट्रॅक्टर घालून सगळं रान एक केलं आणि ऊस लावला. ओढ्यापलीकडे बाभळी माजल्यात. मी त्याला नावं विचारली तर म्हणतो, "ताये, गट नंबर इचार. नावं कुनाला पायजेत आता?"

मंचरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू म्हणाली होतीस, "येकदा तिकडं जाऊन बसू." तिकडं म्हणजे कुठे, ते मला बरोबर कळलं होतं. औषधांच्या चिठ्ठ्या चाळत मी म्हटलं, "बरी हो आधी." तेव्हाच नाव विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

त्याला बारा वर्षं झाली. पाचवी वडी तयार आहे, गूळ आणि भाजलेल्या तिळाची. चांगली झालीये, खरंच. छापखानेवाला रोज फोन करतो, "ताई, नाव कळवा ना, काम अडलंय." आईचंच नाव घाला, असंही त्याने सुचवलं. पण तुझं नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं. तू ठेवलेलं हे एकच होतं.

काल तिकडे जाऊन आले. बाभळीचे काटे बाजूला सारले आणि तुझ्यासारखेच पाय लांब करून बसले. वाटलं, बसलं की आठवेल. ऊन डोक्यावर आलं तरी उठले नाही.

हे लिहितेय ते वेष्टनाच्या कोऱ्या कागदावर. तो इथेच गाळ्यात, सुपाखाली राहील. आई, मी ते नाव विसरले. कुणाला सांगू नको म्हणालीस, तेवढं मात्र पाळलं.