रविवारची सुई

१४ ऑक्टोबर

ती. भावोजी यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपल्या दोघांचेही आवाज चढतात आणि मग ताईला दोन्हीकडची समजूत काढत बसावं लागतं, म्हणून हे पत्र. तिची तब्येत बरी असेल. इकडे आम्ही ठीक. आता मुद्द्यावर येतो.

गुडघेदुखीवरच्या सुयांची आपली चाचणी संपली आहे. तुम्हाला आठवत असेलच, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे पुढे कुणी विसरलो म्हणायला नको. निम्म्या रुग्णांना खरी सुई टोचायची होती आणि निम्म्यांना खोटी, म्हणजे बोथट टोकाची, दाबली की स्वतःच्याच मुठीत मागे सरणारी. दोन्ही चिकट कड्यात उभ्या राहतात आणि दिसायला सारख्या. कुणाला कोणती ते पाकीट उघडल्यावर सुई लावणाऱ्याला कळणार, पण रुग्णाला शेवटपर्यंत कळता कामा नये. सगळा डोलारा एवढ्याच गोष्टीवर उभा आहे. म्हणून शेवटच्या दिवशी आम्ही प्रत्येकाला विचारलं, की तुम्हाला कोणती सुई लावली असं वाटतं : खरी, खोटी, की सांगता येत नाही.

चाचणी तीन खोल्यांत चालली. तुमची सोडून बाकीच्या दोन खोल्यांतली उत्तरं हवी तशी आली. कुणी बरोबर, कुणी चूक, बरेच जण सांगता येत नाही म्हणाले. तुमच्या खोलीतून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने बरोबर ओळखलं, आणि खऱ्या सुईवाल्यांना सगळ्यात जास्त आरामही तुमच्याच खोलीत पडला. आता हा आराम सुईचा, की आपल्याला खरी मिळतेय हे कळल्याचा? आपण खोट्यात गेलो असं ज्याला कळतं, त्याचा गुडघा आणखीच दुखतो. म्हणजे तुमच्या खोलीतले आकडे मला काहीच सांगत नाहीत.

तुम्ही रुग्णांना सांगितलंत, किंवा सुचवलंत. अहवाल डिसेंबरात समितीपुढे जाईल. काय घडलं ते त्याआधी स्वतःहून लिहून द्या. नाहीतर मी तुमच्यावर ठपका ठेवणार, आणि मग रुग्णालय तुमची खोली ठेवील असं मला वाटत नाही.

ताईला नमस्कार. लोभाचं नंतर पाहू.

आपला,
मेहुणा


२२ ऑक्टोबर

रा. रा. डॉक्टरसाहेब यांस,

आशीर्वाद द्यायचा की नमस्कार करायचा हे तुमच्या समितीने ठरवावं. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून झाल्यावर तुझ्या ताईने विचारलं की भाऊ काय म्हणतो. मी म्हटलं, मला चोर म्हणतो, बाकी मजेत आहे.

शंकासुरा, तुला मी हाफ चड्डीत पाहिलेलं आहे. माझ्या लग्नात माझे बूट लपवलेस आणि ते सापडल्यावर मीच लपवले असं सगळ्यांना सांगत फिरलास. ती सवय अजून गेलेली नाही. तीस वर्षं मी त्या तळघरात काम करतोय. एका बाजूला जुन्या खाटांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला बॉयलर, मध्ये माझी खोली, दोन पडदे आणि एक बाक. वरचे डॉक्टर हात टेकतात तेव्हा रुग्ण जिना उतरून माझ्याकडे येतो. तिथे तू तुझी खोटी सुई घेऊन आलास आणि मीही भोळेपणाने हो म्हणालो. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी कुणाला एक अक्षर सांगितलेलं नाही. माणसं काय ठोकळे आहेत? ज्याच्या गुडघ्यात खरी सुई जाते त्याला आत ठसठस जाणवते. ज्याला जाणवत नाही, तो समजतो. दोष तुझ्या खेळण्यातल्या सुईचा आहे. आणि सुया चालत नाहीत असं तुला वाटत असेल, तर आधी तुझ्या ताईला विचार. तिची अर्धशिशी कुणी घालवली? दर रविवारी सकाळी मी तिच्या कपाळाला सुई लावतो आणि ती आठवडाभर हिंडती-फिरती असते. घरात पुरावा असताना हा गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकतोय.

लिहून मी काहीही देणार नाही. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.

तुझा,
भावोजी


३ नोव्हेंबर

ती. भावोजी यांस,
सा. न. वि. वि.

ठसठशीचा मुद्दा निकालात काढतो. तीच सुई, तेच गुडघे दुसऱ्या दोन खोल्यांतही होते. तिथे नाही कुणाला समजलं. बाकावर बसून रुग्णांनी एकमेकांना विचारलं असेल म्हणावं, तर कुणाची गाठ पडू नये अशाच वेळा दिल्या होत्या. म्हणजे दोष सुईचा नाही. तुमच्या खोलीत काहीतरी वेगळं होत होतं.

प्रत्येक खोलीतलं बोलणं आपण रेकॉर्ड करत होतो. तुमचं सगळं मी स्वतः बसून ऐकलं. मला धक्का बसला तो वेगळाच. तुम्ही प्रत्येकाशी तीच वाक्यं त्याच क्रमाने बोलला आहात. खोकलासुद्धा ठरल्या जागी. अशी शिस्त मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हती, हे मोकळेपणाने लिहितो. पण मग रुग्णांना कळलं कसं? खोलीत सांगितलं नाहीत, तर खोलीबाहेर सांगितलंत, एवढंच उरतं. उलट ते जास्त वाईट, कारण त्यात ठरवून केल्याचा वास येतो.

आणि ताईचं डोकं पुरावा म्हणून पुढे करू नका. तुमच्यावर विश्वास आहे अशा एकाच बाईला बरं वाटतं, याला आम्ही पुरावा म्हणत नाही. सुंठीवाचून खोकला गेल्याची उदाहरणं माझ्याकडे पोत्याने आहेत.

लेखी कबुली नोव्हेंबरअखेर हवी. त्यानंतर नातं मध्ये आणू नये.

आपला,
मेहुणा


११ नोव्हेंबर

डॉक्टर,

नमस्कार-आशीर्वाद दोन्ही शिल्लक नाहीत, म्हणून थेट लिहितो.

तुझी खोटी सुई नीट लावता यावी म्हणून चाचणीच्या आधी मी किती सराव केला, ते तुला ठाऊक आहे का? उशीवर केला, स्वतःच्या पोटरीवर केला. हात थरथरू नये, कडं तिरकं बसू नये, दाब खऱ्यासारखाच पडावा म्हणून महिनोन्महिने हात बसवला. तुझं नाक कापलं जाऊ नये हेही त्यात होतं, कारण मी तुझा भावोजी म्हणूनच तुझ्या चाचणीत घेतला गेलो, हे सगळं रुग्णालय जाणतं. त्याचं हे बक्षीस.

खोली गेली तर मी काय करणार, हा विचार तुला शिवला नाही. या वयात मला दुसरी खोली कोण देणार? सकाळी तयार होऊन मी जाणार कुठे? पण जे केलं नाही ते केलं म्हणून लिहून देणार नाही. तुझ्या समितीला हवं ते सांग आणि पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. ताईला भेटायचं असेल तर बाहेर भेट.

मी


२८ नोव्हेंबर

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यांनी ठेवलेलं हे नाव मीही वापरते, कारण तुला ते शोभतं. तुम्हा दोघांची चारही पत्रं मी वाचली. तुझी यांनी टेबलावर आपटली म्हणून, आणि यांची पोस्टात टाकायला मलाच दिली म्हणून. दोघेही इतके रागावलात, पण माझं डोकं पुरावा आहे की नाही यावर वाद घालताना मला विचारायचं एकालाही सुचलं नाही. भाऊ म्हणतो पुरावा नाही, नवरा म्हणतो आहे, आणि डोकं आपलं माझ्याच खांद्यावर.

यांनी कुणाला काही सांगितलेलं नाही. मला माहीत आहे, कारण मी पाहिलंय. चाचणीच्या दिवसांत यांची मदतनीस रजेवर होती तेव्हा पडद्यामागे कापूस द्यायला मी उभी होते. पाकीट उघडल्यावर खरी सुई निघाली की हे आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायचे, त्यावर फुंकर घालायचे, मग ऊन हात गुडघ्यावर थोडा वेळ नुसता ठेवायचे. त्यानंतर सुई. खोटी निघाली की गार बोटांनीच कडं चिकटवायचे, सुई उभी करायची आणि पुढचा गुडघा. बोलणं तेच, खोकलाही तोच. तुझ्या रेकॉर्डात हात ऐकू येत नाहीत, बाळा. त्या माणसांना सुई कळली नाही. आपल्याकडे कुणी मनापासून पाहतंय की उरकतंय, ते कळलं. त्यांना फोन करून हात गार होते का एवढंच विचार. यांना स्वतःला याचा पत्ताही नाही. सुई लावणार नसताना हात ऊन करायचा, हे या माणसाच्या डोक्यात येणारच नाही. लबाडी शब्दांना जमली, हातांना जमली नाही.

आता तू विचारशील, एवढं माझ्या नेमकं लक्षात कसं आलं.

लग्न झाल्यापासून माझ्या कपाळावर आधी ऊन हात यायचा, मग सुई. गेल्या वर्षी, तुझी चाचणी सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी गार बोटं लागली. ठसठस नाही, काही नाही. मला वाटलं, घाईत असतील. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग एकदा हे सुयांची डबी खिडकीत विसरले होते. त्यातली सुई मी काढून ओट्यावर दाबली. ती मुकाट्याने मागे सरली.

उशीवर केला, पोटरीवर केला, असं यांनी तुला लिहिलंय. खरं म्हणजे बायकोवर केला. आणि चाचणी संपली तरी बदललं काही नाही. हात बसला होता, मला बरं वाटतंय असं मी म्हणत होते, मग डबी कशाला बदला. मीही तसं म्हणत राहिले, कारण सुई काढल्यावर हे इतक्या आशेने विचारतात की नाही म्हणवत नाही. डोकं दुखायचं ते दुखतच होतं. दार लावून पडून राहायचे आणि हे यायच्या आत उठायचे. यांनी सांगावं म्हणून मी वाट पाहिली. सांगितलं तर नाहीच, वर माझं डोकं गावभर पुरावा म्हणून फिरवलं. राग येतो मला. खूप येतो. तुझाही येतो, कारण ती सुई या घरात तूच आणलीस, आणि तिचा सराव कुणावर होतोय हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पाकिटावर तुझा पत्ता लिहून, पाकीट न चिकटवता यांच्या टेबलावर ठेवतेय. आधी हे वाचतील. समितीपुढे यांना निर्दोष ठरवणारं दुसरं काही माझ्याकडे नाही, आणि पहिला भाग फाडून पाठवता येणार नाही, कारण कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलंय. पोचलं तर यांनी पाठवलं असं समज. नाही पोचलं तर तुला हवा तो ठपका ठेव, मी आड येणार नाही.

सूनबाईला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ दोघांनीही जरा बाजूला ठेवा आणि मला पडू द्या.

तुझी,
ताई


ता. क.
९ डिसेंबर

पत्र टेबलावर पडून होतं. रोज वाचत होतो. आज पाकीट चिकटवतोय.

तिने लिहिलंय ते सगळं खरं आहे. हातांचं मला माहीत नव्हतं. बाकीचं माहीत होतं. समितीला हे जसंच्या तसं दाखव, काही गाळू नकोस.

काल रविवार होता. नवी डबी फोडली, हात चोळून ऊन केले आणि तिच्या कपाळावर ठेवले. तिने हात झटकला नाही. सुई काढल्यावर मी सांगितलं की आजची खरी होती, आणि कळलं का म्हणून विचारलं. तिने बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, सांगता येत नाही.

भावोजी